विलासच्या गादीतली हवा

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी मासळी धूत होते. हात ओले होते म्हणून कोपराने फोन स्पीकरवर टाकला आणि नळ तसाच चालू ठेवला. "ताई, या तुमी," ती म्हणाली, "पण आता घाई नाय." एवढंच. मी नळ बंद केला. गणपती झाल्यापासून तिचा जो फोन यायचा तो "ताई, लवकर या" असाच यायचा... घाई नाही म्हटल्यावर विचारायला काही उरलं नव्हतं. धुतलेली मासळी शेजारणीला देऊन टाकली, दोन साड्या पिशवीत कोंबल्या आणि जयगडकडे जाणारी एसटी धरली. खिडकीशी बसले आणि सबंध वाटभर मी विलासवर चिडलेली होते. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण मला दुसरं काही येतच नव्हतं. ते का, हे सांगायलाच आज लिहायला बसले आहे.

विलास माझा धाकटा चुलतभाऊ, सुनंदा त्याची बायको. या पुरवणीच्या वाचकांनी त्याचं नाव ऐकलेलं असायचं कारण नाही. त्याने ना काही लिहिलं, ना कसली निवडणूक लढवली. गावाबाहेर त्याला कोणी ओळखत नव्हतं आणि गावात ओळखायचे ते त्याच्या तोंडामुळे. मी रत्नागिरीच्या कोर्टात नोकरीभर दुसऱ्यांचे जबाब टाइप केले, म्हणून तो मला 'सरकारी बोटं' म्हणायचा. "काय गो सरकारी बोटं, आज कुणाला फाशी दिलीस?" ही आमची खुशाली विचारायची पद्धत. आमचं घर जांभ्याचं, कौलारू, जयगडच्या वाटेवरच्या एका गावात. आमच्याकडे बहुतेक घरांचं असं असतं, की सगळे मुंबईला जातात आणि एकाला मागे राहावं लागतं. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावायला, आंब्याच्या कलमांवर नजर ठेवायला, गेलेल्यांनी परत यावं म्हणून दार उघडं ठेवायला. त्याचा सख्खा थोरला भाऊ, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, इलेक्ट्रिशियनचं काम शिकून मुंबईला गेला आणि तिकडचाच झाला. बाकीचे चुलतभाऊही गेले. विलास राहिला. राहावं लागलं याचं त्याला दुःख नव्हतं, उलट तोरा होता. "तुमी सगळे भाडेकरू, मालक मी," असं तो मुंबईकरांना तोंडावर सांगायचा. त्याला आणि सुनंदाला मूल झालं नाही. म्हणून असेल कदाचित, पण गणपतीत घर माणसांनी भरलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. अंगणात पोरांची चप्पल हरवली की हा जगातला सगळ्यात सुखी माणूस.

एका वैशाखात तो कौलं परतायला छपरावर चढला. दरवर्षी चढायचा. त्या वर्षी पाय कसा निसटला कुणाला कळलं नाही. तो पाठीवर पडला तो थेट ओटीच्या जांभ्याच्या पायरीवर. माणूस वाचला, पण कमरेखालचा विलास त्या पायरीवरच राहिला. ही शब्दयोजना माझी नाही, त्याचीच. हॉस्पिटलातून घरी आणला तेव्हा डॉक्टरांनी सुनंदाला पुन्हा पुन्हा बजावलं होतं. पाय हलत नाहीत ही मोठी गोष्ट नाही. कमरेखाली त्याला काही कळत नाही, ही मोठी गोष्ट आहे. आपण झोपेतही कुशी बदलतो, कारण अंग दुखतं. याला दुखणार नाही. एकाच जागी भार पडून आतून मांस कुजेल आणि त्याचा त्यालाही पत्ता लागणार नाही. त्यावर उपाय म्हणजे हवेची गादी. तिच्यात आडवे पट्टे असतात. पलंगाशी ठेवलेला छोटा विजेचा पंप त्यांत आळीपाळीने हवा भरतो, म्हणजे एक पट्टा फुगतो तेव्हा शेजारचा बसतो, आणि अंगाचा भार सारखा जागा बदलत राहतो. ती गादी दादाने मुंबईहून आणली, स्वतःच्या हाताने जोडली, आणि पलंगाच्या डोक्याशी स्विचचा बोर्ड बसवून दिला. विलासच्या हाताला येईल असा, मुद्दाम. "तुला पंखा हवा, दिवा हवा, कुणाला हाक मारायला नको," म्हणाला. भावासाठी जे जे करता येईल ते दादाने केलं, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते.

त्या पंपाला आवाज होता. मोठा नव्हे. बंद खिडकीत भुंगा अडकावा तसा. पण तो कधी थांबत नसे. पहिल्यांदा मी तिथे राहायला गेले तेव्हा त्या गुणगुणीने माझं डोकं उठलं. सुनंदाला म्हटलं, "ह्याच्याशेजारी तुला झोप कशी लागते?" ती म्हणाली, "थांबला की जाग येते ताई." आणि ते खरं होतं. लाइट गेली की घरात अंधार झाल्याचं तिला नंतर कळायचं, आवाज थांबल्याचं आधी. ती अंथरुणातून उठून त्याला कुशीवर वळवायची, त्याच्या अंगाखाली हात घालून गादीतून पलंगाची फळी लागते का बघायची, लाइट येईपर्यंत तिथेच बसायची. त्या खोलीत सगळे जरा आवाज चढवूनच बोलत. विलास तर आधीच मोठ्याने बोलणारा. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, घरात भांडण चाललंय.

आता विजेच्या बिलाचं सांगते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरात वीज किती लागते हे ज्याच्या घरी तसं माणूस नाही त्याला कळायचं नाही. पंखा बारा महिने, कारण त्याच्या अंगाला घाम नीट येत नव्हता आणि उकाडा सोसत नव्हता. चादरी रोज धुवायच्या, म्हणून धुण्याचं मशीन. त्याला पाणी, म्हणून विहिरीवरची मोटर. कमावता माणूस पडलेला आणि बिल चढलेलं. मी कोर्टात राहून सरकारी कागदांना जरा सरावलेली, म्हणून चौकशी करायला लागले. ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठी राखून ठेवलेला निधी असतो. तो कुठे कुठे व्हीलचेअर वाटून आणि फोटो काढून संपतो. मी ग्रामसेवकांना विचारलं, त्यातून अशा घरांचं विजेचं बिल भरता येईल का? माणूस भला होता. म्हणाला, ग्रामसभेत मांडा, ठराव झाला तर बघू. मी विलासला म्हटलं मी बोलते. तर हा म्हणे, "मेला मी, बोलणार तू? मी येणार." चौघांनी त्याला खुर्चीत बसवून शाळेपर्यंत उचलून नेला. घरातून बाहेर पडायचा तो कित्येक महिन्यांनी पहिला दिवस. मिशीला तेल लावलं होतं त्याने.

तो बोललाही छान. रडगाणं नाही, विनवण्या नाहीत. म्हणाला, "तुमी फुकट श्वास घेता. माझ्या गादीला श्वास विकत घ्यायला लागतो. तेवढं बघा." लोक हसले. ठराव होणार असं दिसायला लागलं, तेवढ्यात वरच्या वाडीतले एक गृहस्थ उठले. "द्या की, नको कोण म्हणतो," ते म्हणाले, "पण गणपतीत ह्याच्याकडे आख्खी मुंबई येते. त्यांचे पंखे नि माळा पण पंचायतीनेच चालवायच्या काय?" पुन्हा सगळे हसले, या वेळी जरा जास्तच. विलासचा चेहरा मी समोरून पाहत होते. त्याच्यावर कोणी हसलेलं त्याला चालायचं, घरावर हसलेलं नाही. तो म्हणाला, "मर्यादा घाला. इतके युनिट म्हणजे इतकेच. एक युनिट वर गेला तर त्या महिन्याची मदत बंद करा. आणि तो वर जाणार नाय. विलासचा शब्द आहे." मर्यादा घालायला कोणी सांगितलंही नव्हतं! पण असा आयता तोडगा कोण सोडतो? तसाच ठराव झाला. दर महिन्याला ठरावीक युनिटांपर्यंतचं बिल पंचायत भरणार, मीटर त्यापुढे गेलं तर त्या महिन्याला काही नाही. परत येताना मी त्याला चांगली झापली. तो खुर्चीत बसून रस्ताभर दोन्हीकडची झाडं बघत होता. म्हणाला, "बघ गो, फणस लागलेत."

त्यानंतर रोज संध्याकाळी सुनंदाने ओटीवरचं मीटर बघून आकडा सांगायचा आणि विलासने तोंडी हिशोब करायचा हा त्या घराचा रिवाज झाला. "किती झालं गो?" "इतकं झालं." "मग आज पाणी कमी सोड." मदत दर महिन्याला येत होती. घरात जरा मोकळं वाटायला लागलं. सुनंदाच्या चेहऱ्यावर थोडं मांस आलं. मी गेले की विलास ऐटीत म्हणायचा, "सरकार माझ्या दारात येऊन बिल भरतं, तुझ्या भरतं काय?" एक समजूत मात्र त्याच्या डोक्यात पक्की बसली होती, आणि खरं सांगायचं तर सुनंदाच्याही, माझ्याही. घरातली सगळ्यात जास्त वीज तो पंपच खातो. पंखा थांबतो, मशीन थांबतं, मोटर थांबते. हा एकटाच कधी थांबत नाही. जे रात्रंदिवस आवाज करतं ते रात्रंदिवस खात असणार, यात शंका घ्यायला जागा कुठे होती? दादाला विचारावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. विचारण्यासारखं काही आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

मग गणपती आले. ठरावानंतरचे पहिलेच. दादाने त्या वर्षी रोषणाईचा धडाकाच लावला. मुंबईहून खोकी भरून माळा आणल्या, अंगणात हॅलोजन उभे केले, भजनासाठी माइक आणि कर्णे. कुणीतरी म्हणालं, बिल केवढं येईल! तर दादा हसून म्हणाला, "येऊ दे. आता काय, विलासचं बिल सरकार भरतं." त्याला मर्यादेचं कुणी सांगितलंच नव्हतं. विलासने सांगू दिलं नव्हतं. विलासची खोली ओटीला लागूनच, खिडकी अंगणात उघडणारी. माळा लागल्या की त्याच्या भिंतीवर लाल, हिरवा, निळा असा उजेड पळत राहायचा. आरतीला आम्ही सगळे माजघरात, ताशा, झांजा, टाळ्या. मग भजन, मग कुणी फुगड्या घालतंय. त्याच्या खोलीत पोरं धावत येत आणि जात. मीही जाता-येता डोकावत होते. हा उशीवर डोकं टेकून खिडकीबाहेर बघत पडलेला, तोंडभर हसू. "मस्त केलंय दादानं," म्हणाला मला. सुनंदा स्वयंपाकघरात नारळ खवण्यात बुडालेली. एवढ्या माणसांचं रांधायचं, तिला पाठ टेकायला मिळत होती तीही आतल्या खोलीत, बायकांच्या गर्दीत. विलासनेच तिला तिकडे पाठवली होती. "जा, तिकडे झोप. इथे पोरं नाचतात."

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, मुंबईकर गेले, घर रिकामं झालं. त्याला आंघोळ घालताना सुनंदाला कमरेच्या खाली मागे लालसर डाग दिसला. तिने मलम लावलं. डाग मावळला नाही, काळा पडला. मग एक दिवस तो फुटला, आणि आत किती खोल गेलं होतं ते दिसलं. डॉक्टर म्हणाले, हे वरून दिसतं त्याच्या आधीच आत पसरलेलं असतं. रत्नागिरीला हॉस्पिटलात आणला. माझ्या घरापासून जवळ, म्हणून मी रोज जायची. ताप उतरायचा, चढायचा. तोंड मात्र शाबूत. नर्सला म्हणायचा, "ही माझी ताई, हिच्यासमोर खोटं बोलू नका, टाइप करील."

एका दुपारी सुनंदा औषध आणायला खाली गेली होती. तो म्हणाला, "ताई, एक सांगतो. हसू नको." मला वाटलं काहीतरी थट्टा. तो छताकडे बघत म्हणाला, "गणपतीत मी पंप बंद ठेवत होतो. आरती सुरू झाली की खट्... बटण हाताशीच ना."

मला कळलंच नाही तो काय म्हणतोय. मी म्हटलं, "कशाला रे?"

"मीटर नुसतं धावत होतं गो. माळा, पंखे, मिक्सर, त्या पोरींच्या इस्त्र्या. कुणाला काय सांगणार, बंद करा? वर्षातून एकदा येतात. मग म्हटलं, आपलंच काय ते बंद करूया. तसापण तो रात्रंदिवस खातो. भजन संपून सगळे झोपले की लावायचो. कधी लावायच्या आधीच डोळा लागायचा."

"अरे मेल्या, तुला काही दुखलं नाही?"

"दुखणार कुणाला?" तो म्हणाला. "तिथे मी नायच गो."

हे वाक्य तो अगदी सहज बोलला. मी तेव्हापासून ते घेऊन फिरते आहे. मग त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "दादाला सांगू नको. तो पुढच्या वर्षी माळा लावायचा नाय. माळा नाय लागल्या तर पोरं कशाला येतील? कंटाळतात इथे. सुनंदाला पण सांगू नको, ती मला मारील." आणि जरा थांबून, गालातल्या गालात हसत, "पण एक युनिट वर गेला नाय हां. एकपण नाय. शब्द म्हणजे शब्द." मी त्याच्यावर ओरडले. वॉर्डातली माणसं बघायला लागली इतकी ओरडले. तो डोळे मिटून पडून राहिला, ताप चढायला लागला होता.

दिवाळी झाली आणि डॉक्टरांनीच सुचवलं, घरी न्या. घरी नेला, त्याच गादीवर ठेवला, पंप लावला. सुनंदा त्याच्याजवळून हलली नाही. तिथेच तो गेला. मी पोचले तेव्हा त्याला ओटीवर काढला होता आणि खोलीत पंप बंद होता. इतक्या वर्षांत मी ती खोली गप्प पाहिली नव्हती. सुनंदा मला म्हणाली, "ताई, चहा घेतलात काय?" आणि ती ओरडूनच म्हणाली, पंपाच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय होती ना... स्वतःचाच आवाज ऐकून दचकली.

बाराव्याला सगळे मुंबईहून आले होते. गणपतीला आले होते तेच सगळे. जेवणं झाली, भांडी उलथी घातली, आणि आम्ही ओटीवर बसलो. दादा खांबाला टेकून बसला होता. या बारा दिवसांत तो एकदम म्हातारा दिसायला लागला होता. त्याने घसा खाकरला आणि म्हणाला, "मी ठरवलंय. पुढच्या गणपतीला विलासच्या नावाने रोषणाई करायची. पार बांधापासून दारापर्यंत. काय आवडायची त्याला! पडल्या पडल्या बघत राहायचा." कोणीतरी हो म्हणालं. कोणीतरी डोळे पुसले. विलासने धरलेला हात मला अजून जाणवत होता.

सुनंदा उठली. विलासच्या खोलीत गेली. खट् असा आवाज आला आणि ती गुणगुण सुरू झाली. ओटीवरचं बोलणं थांबलं. दारातून दिसत होतं, चपटी पडलेली गादी हळूहळू वर यायला लागली होती. एक पट्टा फुगला, शेजारचा बसला... वर कोणी नव्हतं, तरी ती कुणाला तरी तोलून धरल्यासारखी हलत होती. एक लहान मुलगी आईला बिलगली.

दादा म्हणाला, "सुनंदा, तो कशाला लावलास गो? बंद कर."

सुनंदा दारात येऊन उभी राहिली. "वीज जळते म्हणून?"

"वीज कसली जळते! झिरोच्या बल्बाएवढी पण खात नाय तो. पण रिकामी गादी कशाला हलत ठेवायची? बघवत नाय."

"खात नाय?"

"नाय गो. आवाज करतो म्हणून तुला वाटतं. अंगणातला एक हॅलोजन जेवढं खातो ना, तेवढ्यात असे पंप वाडीभर चालतील."

मग अगदी हळू, इतक्या वर्षांत तिला इतकं हळू बोलताना मी ऐकलं नव्हतं, ती म्हणाली, "मग ह्यांना ते कुणी सांगितलं नाय दादा. गणपतीत ते बंद ठेवून पडत होते. माळा चालू राहाव्यात म्हणून. युनिट वर गेले तर पंचायतीची मदत बंद, म्हणून. एकदा पहाटे मी बघायला आले तर गादी सपाट, फळी लागत होती हाताला. मला म्हणाले, लाइट गेली होती. मी खरं मानलं. कामाच्या घाईत होते." तिने पदर तोंडाला लावला आणि पुन्हा काढला. "लाइट गेली असती तर तुमच्या भजनाचा माइक चालला असता काय? मला हे तेव्हा सुचलं नाय. आता रोज सुचतं."

दादाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावरून त्याला काय समजायचं ते समजलं असणार. तो उठला, खोलीत गेला आणि पलंगाशी जमिनीवर बसला, पंपाशेजारी, ती गादी जोडायला बसला होता तसाच. मला वाटलं तो बंद करील. त्याने बटणाकडे हातही नेला नाही. बायका उठून अंथरुणं घालायला लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मुंबईला निघाले. निघताना दादा सुनंदाच्या पाया पडायला वाकला. थोरल्या दिराने भावजयीच्या पाया पडायची रीत आमच्याकडे नाही. ती मागे सरकली. रोषणाईचं, गणपतीचं, पुन्हा येण्याचं कोणीही काढलं नाही.

ग्रामसेवक नंतर भेटून गेले. लाभार्थी राहिला नाही म्हटल्यावर मदत थांबणार, हे सांगताना त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं. वरच्या वाडीतले ते गृहस्थही येऊन बसले होते म्हणे. मी त्यांना दोष देत नाही. ठरावाला देत नाही, त्या ठरावाने सुनंदाला जरा बरे दिवस दाखवले. दादाला तर नाहीच नाही. मला राग विलासचाच येतो. एवढं सगळं जग तोंडाने गाजवणाऱ्या माणसाला "दादा, एक माळ कमी लाव" एवढं बोलता येऊ नये! आणि राग ओसरला की जे उरतं ते फार वाईट असतं. रत्नागिरीत माझ्या घरी फ्रिजची मोटर चालू असते आणि मधेच आपोआप थांबते. ती थांबली की मी हातातलं काम सोडून उभी राहते. कुणाला तरी कुशीवर वळवायचं राहिलंय असं वाटत राहतं.

परवा सुनंदाकडे गेले होते. पंप चालूच आहे. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावून ती बाहेर आली तेवढ्यात फोन वाजला. तिने उचलला, "हां दादा," म्हणाली, आणि पुढे एक शब्द न बोलता विलासच्या खोलीत गेली. वाकली, फोन पंपाशेजारी जमिनीवर ठेवला आणि परत येऊन माझ्यासमोर तांदूळ निवडायला बसली.

मी विचारलं, "काय म्हणतात दादा?"

"काय नाय. रोज करतात. ऐकतात."

"बोलत नाहीत?"

"नाय. मग त्यांचं ते ठेवतात."

ती सुपातले खडे वेचत होती. मीही हात लावला. तांदूळ निवडून झाले, अंगणात अंधार पडला, तिने ओटीवरचा दिवा लावला. पाणी प्यायला म्हणून मी उठले आणि जाता जाता खोलीत डोकावले. गादी हलत होती. खाली जमिनीवर फोनचा उजेड अजून दिसत होता.